गोळ्या कापायचं कटर : आठ महिने वापरल्यावर

ऐरोलीच्या एका मेडिकलमधून मी हे कटर १६५ रुपयांना घेतलं. मुठीत मावेल एवढी पारदर्शक प्लॅस्टिकची डबी. झाकणाला आतून पातं, त्याखाली गोळी धरायला व्ही आकाराची खाच, मधल्या भागात फिरकी फिरवून गोळी कुटायची सोय आणि तळाला चार-पाच गोळ्या ठेवायचा कप्पा. माझं मत आधीच सांगून टाकतो : पातं उत्तम, फिरकी बरी, कप्पा वापरू नका. आता सविस्तर. मी ३१ वर्षं रबाळे एमआयडीसीत टॅब्लेट खात्यात काढली, त्यातली बरीचशी कॉम्प्रेशन मशीनसमोर, म्हणजे माल दाबून गोळ्या पाडणाऱ्या मशीनसमोर. ही वस्तू चांगली आहे की वाईट हे ती कुठल्या गोळीवर चालवता त्यावर ठरतं, आणि पाकिटावर त्याबद्दल एक अक्षर छापलेलं नाही.

दुकानातल्या फार्मसिस्ट मॅडमनी मात्र कटर लगेच हातात दिलं नव्हतं. ‘काका, कुठली गोळी कापणार आहात?’ असं विचारलं. मी पिशवीतून आईच्या पाचही पट्ट्या काढून काउंटरवर मांडल्या. त्यांनी एकेक पट्टी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं, तीन पट्ट्या उजवीकडे सरकवल्या, दोन डावीकडे. ‘या तीन चालतील. या दोघींना पातं लावायचं नाही, कुटायच्याही नाहीत. डॉक्टरांकडून बदलून घ्या.’ माझ्या मागे चार गिऱ्हाईकं उभी होती, तरी त्यांनी ती पाच मिनिटं दिली. मी कुठे काम केलं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. अनोळखी माणसाला हे असं विचारलं जातंय, याचंच मला फार बरं वाटलं. त्याच्या महिनाभर आधी आमच्या घरात काय झालं ते पुढे येईल.

आधी पात्याचं. आईला प्रेशरसाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ ची अर्धी गोळी, म्हणजे अडीच मिलिग्रॅम द्यायची होती. अडीचची आयती गोळी मिळते, पण डॉक्टर तेव्हा मात्रा खाली-वर करून पाहत होते आणि घरात पाचच्या पट्ट्या होत्या. सुरुवातीचे काही दिवस आमच्या हिने आईच्याच जुन्या अडकित्त्याने गोळी कापली. अडकित्ता सुपारीला ठीक, सुपारी घट्ट आणि एकजीव असते. गोळी म्हणजे दाबून बसवलेला रवा. अडकित्त्याचं जाड पातं तिला कापत नाही, फोडतं. एक तुकडा हातात राहायचा, दुसरा ओट्याखाली जायचा. या कटरचं पातं दाढीच्या ब्लेडइतकं पातळ आहे. गोळी खाचेत टेकवायची, रेघ पात्याच्या बरोबर खाली आणायची आणि झाकण एका दमात बंद करायचं. घाबरून हळूहळू दाबलं तर गोळी आधी सरकते आणि मग चुरते.

माझ्याकडे सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आहे, शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा. एकट्या अर्ध्या तुकड्याचं वजन त्यावर धड कळत नाही, म्हणून दहा गोळ्या कापून डाव्या बाजूचे दहा तुकडे एकत्र तोलले आणि उजव्या बाजूचे दहा वेगळे. अख्ख्या दहा गोळ्या २.०० ग्रॅम भरल्या होत्या. डावे तुकडे भरले ०.९६, उजवे १.०१. राहिलेले तीन शतांश म्हणजे खाचेत सांडलेली पूड. म्हणजे या कटरची खाच केसभर एका अंगाला बसली आहे. हाच प्रयोग स्वयंपाकघरातल्या सुरीने केला, तेव्हा काही तुकडे जोडीदाराच्या जवळजवळ दीडपट दिसत होते आणि पूडही बरीच जास्त पडली. १६५ रुपयांच्या वस्तूने मला समाधान दिलं.

अ‍ॅम्लोडिपिनच्या बाबतीत एवढ्या फरकाने बिघडत नाही. ते शरीरातून फार सावकाश जातं, अर्धं व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. आजचा तुकडा किंचित लहान असला तर उद्याचा मोठा त्याची भरपाई करतो. त्यासाठी एकाच गोळीचे दोन्ही तुकडे लागोपाठच्या दिवशी द्यावेत. पण रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधात असा हिशेब करू नये. तिथे थोडक्या फरकाला मोठी किंमत असते. ते १, २, ३ आणि ५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांत मिळतं. डॉक्टरांशी बोलून हवी ती मात्रा अख्ख्या गोळ्यांत बसवून घ्या.

गोळीवरच्या रेघेला आमच्या खात्यात ब्रेकलाइन म्हणतात. मशीनमध्ये माल दाबणाऱ्या दांड्याला पंच म्हणतात. त्याच्या तोंडावर एक उभी कड असते, ती गोळीत उमटते. रेघ आहे म्हणून प्रत्येक गोळी अगदी बरोब्बर निम्मी होते असंही नाही, काही रेघा नुसत्या गिळायला सोपं पडावं म्हणून तोडण्यासाठी असतात. रेघच नसेल तर मात्र हात थांबला पाहिजे.

आता गोळी आतून काय असते ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय कुठली कापायची हे पाठांतरच राहील. पुष्कळांना वाटतं, औषधाची पावडर साच्यात घातली, दाबली, झाली गोळी. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या. गोळीचं वजन १०० मिलिग्रॅम धरलं तर त्यात औषध दोन हजारावा भाग. बाकी सगळं इतर. लॅक्टोज, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, मक्याचा स्टार्च हे भरणीचं सामान. मग कण धरून ठेवायला बाइंडर, पोटात गेल्यावर गोळी फुटावी म्हणून डिसइंटिग्रंट, आणि पंचाला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट. या प्रत्येकाला काम आहे, आणि कामं एकमेकांविरुद्ध ओढणारी आहेत. बाइंडर धरून ठेवतो, डिसइंटिग्रंट सोडवतो. गोळी डबीत दगडासारखी टिकली पाहिजे आणि पोटात चिखलासारखी विरली पाहिजे.

मी खात्यात लागलो तेव्हा पहिले सहा महिने ग्रॅन्युलेशनला, म्हणजे पावडरचा रवा करायच्या कामाला होतो. तिथे स्टार्च पेस्ट करायची. मक्याचा स्टार्च थंड पाण्यात कालवायचा आणि उकळत्या पाण्यात ओतत ढवळत राहायचं. घरी सुती साडीला खळ करतात तीच कृती. दुधासारखं पांढरं पाणी बघता बघता अर्धपारदर्शक आणि चिकट होतं. ती खळ मिक्सरमधल्या कोरड्या पावडरवर सोडायची. मशीनच्या मीटरवर अँपिअर चढताना दिसतात, तेवढ्यावरून बॅच थांबवता येते, पण आमचे सुपरवायझर झाकण उघडून मूठ बघितल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाहीत. हातमोज्यातल्या मुठीत माल दाबायचा. बेसनाच्या लाडवासारखी मूठ वळली पाहिजे, आणि अंगठ्याने मधोमध दाबल्यावर ती दोन स्वच्छ तुकड्यांत मोडली पाहिजे. भुगा झाला तर पाणी कमी. अंगठा रुतून बसला तर पाणी जास्त, आणि जास्त झालेलं पाणी काढून घेता येत नाही. ती मूठ माझ्या हाताला आजही आठवते.

मग तो ओला माल चाळणीतून काढून ड्रायरमध्ये. खालून गरम हवा येते आणि रवा लाह्यांसारखा उडत वाळतो. दोन-तीन टक्के ओल ठेवायची. फार वाळवला तर गोळीची टोपी निघते, म्हणजे वरचा थर सुटतो, ओला राहिला तर पंचाला चिकटतो. जुलैच्या पावसात आमची कसोटी लागायची. गोळीवर कोरलेल्या अक्षरांत चिकटायला सुरुवात व्हायची, इंग्रजी ए किंवा बी या अक्षरांच्या पोटातला एवढासा ठिपका पंचाबरोबर उचलला जायचा. दिसायला काहीच नाही, पण ती गोळी बाद.

शेवटी मॅग्नेशियम स्टिअरेट घालून मोजकी पाच मिनिटं फिरवायचं. हे तेलकट, पाण्याला दूर ठेवणारं. जास्त वेळ फिरलं तर प्रत्येक कणावर त्याचा लेप बसतो, गोळी मऊ होते आणि पोटात उशिरा विरघळते. त्याच सामानाची, त्याच वजनाची गोळी, फक्त मिक्सर जास्त फिरला म्हणून कमजोर. बाहेरून बघणाऱ्याला हे कधी दिसत नाही.

आणि मग मशीन. ३५ स्टेशनचं, म्हणजे पंचांच्या ३५ जोड्यांचं डबल रोटरी. प्रत्येक जोडी एका फेऱ्यात दोनदा गोळी पाडते, म्हणून एका फेऱ्यात ७० गोळ्या. मिनिटाला ३० फेरे धरले तर २१०० गोळ्या. खालचा पंच डायमध्ये, म्हणजे साच्याच्या भोकात, जितका खाली उतरतो तितका माल आत पडतो. म्हणजे मशीन वजन करत नाही, माप भरतं, शेर-पायलीने धान्य मोजायचे तसं. म्हणून तर रवा करायचा. बारीक पावडर मापात सारखी पडत नाही, तिच्यात हवा अडकते आणि दाबल्यावर गोळीची टोपी उडते. पॅरासिटामॉलने याबाबत मला फार त्रास दिला, त्याचे स्फटिक दाबले की परत उसळतात. ठरावीक वेळाने २० गोळ्या तोलायच्या. आणि काही गोळ्या फिरत्या ड्रममध्ये, मिनिटाला २५ फेरे, चार मिनिटं, शंभर वेळा पडू द्यायच्या. एक टक्क्याहून जास्त झिजल्या तर बॅच अडली. उपकरणाआधी मी गोळी बोटांत धरून मोडायचो. चांगली गोळी ‘टक्’ असा आवाज करून मोडते. या कटरमध्ये झाकण बंद करताना तोच आवाज आला, तेव्हा मी पुन्हा एक गोळी कापून पाहिली.

आमच्या ट्रेनिंगमध्ये एकदा सांगितलं होतं की पावडर साच्यात दाबून गोळी करायचं पेटंट विल्यम ब्रॉकडन नावाच्या इंग्रज चित्रकाराने १८४३ मध्ये घेतलं. त्याला आधी पेन्सिलीसाठी चांगलं ग्रॅफाइट हवं होतं, भुगा दाबून तो पुन्हा घट्ट करायचा होता. मला ही गोष्ट आवडते. पेन्सिलीच्या शिशापासून आईच्या प्रेशरच्या गोळीपर्यंत युक्ती तीच.

आता कुटायच्या फिरकीकडे येतो, आणि इथे मला घरची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आईला ८३ व्या वर्षी, ऑगस्टमध्ये, लकव्याचा झटका आला. बोलणं सुधारलं, पण गिळायला त्रास राहिला. गणपतीत मी आणि ही चिपळूणला गेलो, चार दिवस आईजवळ सांभाळणाऱ्या मावशी होत्या. आईला गोळी गिळवेना, म्हणून त्यांनी जवळच्या एका दुकानात विचारलं. काउंटरवरच्या मुलाने पट्ट्या न बघता सांगितलं, ‘सगळ्या कुटून पाण्यातून द्या, काही होत नाही.’ मावशींनी खलबत्त्यात सगळ्या कुटल्या. त्यात प्रेशरची, निफेडिपिनची रिटार्ड गोळी होती.

रिटार्ड म्हणजे थांबत थांबत औषध सोडणारी. तिच्यातलं औषध तासन् तास पुरवून सोडण्यासाठी गोळीचा सगळा बांधा केलेला असतो. तो बांधा खलबत्त्यात मोडला आणि पूर्ण मात्रा एकदम रक्तात गेली. आईचा चेहरा लाल झाला, छाती धडधडायला लागली, ती उठून बसली आणि तोल जाऊन पलंगावर कलंडली. शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं तेव्हा वरचं प्रेशर ८४ होतं. मी रात्री पोचलो तोवर ती सावरली होती. मला बघून म्हणाली, ‘अरे, आज गोळी फार कडू होती रे.’ लेप मोडलेल्या गोळीची ती चव होती. मी आयुष्यभर ज्या गोष्टीची काळजी घेतली ती माझ्या घरात एका कागदावर लिहून ठेवलेली नव्हती. मावशींचा यात काही दोष नाही. त्यांनी विचारलं होतं, उत्तर देणाऱ्याने चुकीचं दिलं.

डॉक्टरांनी तिथेच निफेडिपिन थांबवून अ‍ॅम्लोडिपिन दिलं. दोन्ही एकाच कुळातली औषधं. पण निफेडिपिन दिवसभर टिकवायला गोळी तशी बनवावी लागते, अ‍ॅम्लोडिपिनचा रेणूच मुळात रेंगाळणारा. म्हणून त्याची साधी गोळी कापली, कुटली तरी औषध आपल्या चालीनेच चालतं. ‘दिवसातून एकदा’ एवढं वाचून दोन्ही सारख्याच धरू नका.

तर फिरकी वापरायच्या आधी पट्टीवर नावामागे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, रिटार्ड असं काही आहे का ते पाहा. असेल तर कुटायची नाही, कापायचीही नाही. फक्त काही मोजक्या गोळ्यांत, उदाहरणार्थ काही मेटोप्रोलॉल एक्सएलमध्ये, औषध शेकडो बारीक दाण्यांत भरलेलं असतं आणि प्रत्येक दाण्यावर स्वतःचा लेप असतो. तशी रेघ असलेली गोळी निम्मी करता येते, पण तीही चावायची किंवा कुटायची नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन एसआरचं वेगळं. मॅडमनी डावीकडे सरकवलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक हीच. ती पोटात पाणी पिऊन जेलसारखी फुगते आणि त्या जेलमधून औषध झिरपतं. कधीकधी रिकामा सांगाडा शौचातून तसाच पडतो, लोक घाबरतात की गोळी विरघळलीच नाही. औषध निघून गेलेलं असतं. आईची मेटफॉर्मिन एसआर बदलून डॉक्टरांनी साधी, दिवसातून दोनदा करून दिली.

दुसरी डावीकडची पट्टी होती पॅन्टोप्राझोल, अ‍ॅसिडिटीची. तिच्यावरचा लेप जठरातल्या आम्लात टिकतो आणि पुढे आतड्यात सुटतो, कारण हे औषध आम्लात नासतं. आमच्याकडे तपासताना अशा गोळ्या दोन तास आम्लात हलवायच्या, एकीलाही तडा जाता कामा नये. कटरचं पातं तो लेप एका सेकंदात निकामी करतं. गोळी पोटात जाते, औषध जागेवर पोचत नाही. त्या गोळीलाही डॉक्टरांनी दुसरा पर्याय दिला.

कॅन्सरच्या गोळ्या आणि मेथोट्रेक्सेट यांना घरी पातंही लावू नका आणि फिरकीही नको. ती धूळ कापणाऱ्याच्या नाकातोंडात आणि हाताला जाते.

आता वस्तू म्हणून फिरकी कशी आहे? गोळी बारीक होते, खलबत्त्यापेक्षा नक्की बरी, कारण माल उडत नाही. पण पूड आट्यांमध्ये अडकते. पाच मिलिग्रॅमच्या गोळीत अडकलेली पूड म्हणजे कमी गेलेलं औषध. मी अर्धा चमचा पाणी आत घालून, झाकण लावून हलवतो आणि तेच पाणी केळ्याच्या गरात मिसळून आईला भरवतो. दर वेळी धुवावं लागतं, नाहीतर एका औषधाची पूड दुसऱ्यात जाते. आमच्या खात्यात एक प्रॉडक्ट संपून दुसरं लागण्याआधी अख्खी खोली धुऊन, तपासून घ्यायचे. इथे तर एवढीशी डबी आहे.

तळातला कप्पा का नको? कारण तो हवाबंद नाही. पट्टीतून काढलेली गोळी पावसाळ्यात ओल ओढते. सोडियम व्हॅल्प्रोएटसारखी फिटची गोळी तर फार ओल खेचते, ती खायच्या वेळीच पट्टीतून काढायची. दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम असलेलं महागडं पाकीट कंपनी हौसेने वापरत नाही. कापलेल्या गोळीची कड तर उघडीच असते, म्हणून अख्खी पट्टी एकदम कापून ठेवू नका. मी राहिलेला अर्धा तुकडा त्याच पट्टीच्या कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी संपवतो.

तक्रारी दोन. झाकण उघडल्यावर पातं उघडं राहतं, त्यावर आड येणारी पट्टी हवी होती. घरात लहान मूल असेल तर कटर उंचावर ठेवा. आणि पाकिटावरच्या सूचना इंग्रजीत तीन ओळी, त्याही धुण्याबद्दल. कुठली गोळी कापू नये हे मराठीत छापायला किती कागद लागतो?

आठ महिन्यांत पातं बोथट झालं. कळतं ते आवाजावरून. ‘टक्’च्या जागी चुरल्यासारखा आवाज यायला लागतो आणि खाचेत पूड वाढते. पातं बदलून मिळत नाही, म्हणून परवा त्याच दुकानातून नवं कटर आणलं, या वेळी १७५ पडले. मॅडमनी पुन्हा पट्ट्या मागून घेतल्या आणि पुन्हा वाचल्या. नव्या कटरच्या पेटीवर मी कागद चिकटवला आहे : अ‍ॅम्लोडिपिन अर्धी, कापून. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि मेटफॉर्मिन साधी, कुटून. अ‍ॅस्पिरिन पाण्यात विरघळणारी, जेवणानंतर. नवी पट्टी आली तर मला विचारल्याशिवाय कटर उघडायचं नाही. त्याखाली मावशींनी आपल्या अक्षरात वेळा लिहिल्या आहेत आणि शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ मारली आहे.